वस्तऱ्याचा पट्टा

वस्तऱ्याची धार टिकविण्यासाठी वापरण्यात येणारे चामड्याचे साधन. सर्वसाधारणपणे हा पट्टा ४० ते ५० सेंमी. लांब, ६ ते ७·५ सेंमी. रुंद व २·५ ते ४ मिमी. जाड असतो. त्याचे एक टोक भिंतीवरील खिळ्याला किंवा खुर्चीला अडकवून दुसरे टोक हातात ताणून धरतात व त्यावर वस्तऱ्याचे पाते आलटून पालटून दोन्ही बाजूंनी फिरवितात. या क्रियेला वस्तरा परजणे असे म्हणतात. पट्टा दिसावयास साधा असला, तरी त्याच्या इतिहासात पोलाद, कातडे कमावणे, जाहिरात आणि सार्वजनिक आरोग्य या चार निरनिराळ्या विषयांचे धागे एकत्र आलेले आढळतात. धारेची देखभाल कोणी करावयाची, न्हाव्याने, स्वतः दाढी करणाऱ्याने की कारखान्याने, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत मिळालेली उत्तरे या साध्या वस्तूच्या चढउतारांतून स्पष्ट होतात.

कार्य व तत्त्व : पट्ट्याने वस्तऱ्याला धार लागते, हा समज सार्वत्रिक असला तरी तो पूर्णतः बरोबर नाही. धार लावण्याचे काम दगडाचे होय. दगडावर पोलादाचे कण घासले जाऊन पात्याच्या दोन्ही बाजू एका रेषेत मिळतात व त्या रेषेवर धातूची अतिसूक्ष्म झालर उरते. चामड्यावर पाते फिरविले असता ही झालर निघून जाते, वाकलेली कड सरळ होते व धारेचा खडबडीतपणा कमी होतो. दाढी करताना कड पुन्हा किंचित वाकते. म्हणून प्रत्येक वापरापूर्वी वस्तरा परजावा लागतो. दगड मात्र कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एकदा पुरतो. तात्पर्य, दगड धार निर्माण करतो आणि पट्टा ती राखतो.

वस्तऱ्याच्या पात्याची जाड पाठ केवळ मजबुतीसाठी नसते. दगडावर व पट्ट्यावर पाते आडवे ठेवले असता पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात व त्यामुळे धारेचा कोन आपोआप ठरतो. पाठीची जाडी ५ मिमी. व पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिमी. असल्यास हा कोन सु. १६° येतो. सुरीला धार लावताना कोन हाताच्या कसबाने राखावा लागतो. वस्तऱ्यात तो घडणीतच असतो. पट्ट्यावर पाते नेहमी पाठ पुढे व धार मागे अशा रीतीने ओढतात आणि टोकाशी पोहोचल्यावर पाठीवरच उलटवितात. धारेवर उलटविल्यास चामडे चिरते व कडही बिघडते. पट्टा सैल धरल्यास चामडे पात्याभोवती वर येऊन धार गोलसर होते. म्हणून पट्टा ताठ असणे व हाताचा दाब अत्यल्प असणे, या दोन गोष्टी आवश्यक ठरतात.

प्राचीन भारतीय उल्लेख : वस्तऱ्याला संस्कृतात ‘क्षुर’ असा शब्द असून त्याला धार लावण्याची उपमा ऋग्वेदात (८.४.१६) आली आहे. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या दुर्गम मार्गाला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिलेली आहे. तथापि धार राखण्याच्या साधनांचा नेमका उल्लेख सापडतो तो सुश्रुतसंहितेत. तिच्या सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रक्रियेच्या शस्त्रांच्या धारा किती सूक्ष्म असाव्यात, याची प्रतवारी दिली आहे : भेदनाच्या शस्त्रांची धार मसुरेएवढी, लेखनाच्या शस्त्रांची त्याच्या निम्मी, व्यधन व विस्रावण यांच्या शस्त्रांची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्रांची अर्ध्या केसाएवढी असावी. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार नीट ठेवण्यासाठी शाल्मलीच्या म्हणजे सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, असेही तेथे सांगितले आहे. चांगली धार लागलेले शस्त्र केस कापते, ही तेथील कसोटी आजही वस्तऱ्याच्या बाबतीत वापरली जाते.

दगड आणि फळी या दोहोंची कामे सुश्रुतसंहितेने स्वतंत्र मानली आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. धार निर्माण करणे आणि ती राखणे यांतील भेद येथे स्पष्ट ओळखलेला दिसतो. सावरीचे लाकूड मऊ, हलके व सच्छिद्र असते. आधुनिक काळात वस्तऱ्यासाठी सूक्ष्म घर्षकाची पूड लावून वापरण्यात येणारे बाल्सा लाकूड सावरीच्याच वनस्पतिकुलातील आहे, हा योगायोगही लक्षणीय आहे.

महाराष्ट्रातील परंपरा : गावगाड्यातील बारा बलुतेदारांत न्हाव्याचा समावेश होता. वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, आरसा, वाटी, धारेचा दगड व चामड्याचा तुकडा हे साहित्य तो ‘धोकटी’ नावाच्या पिशवीत बाळगीत असे. संत सेना न्हावी यांच्या नावावरील अभंगात या व्यवसायातील आरसा, चिमटा इ. वस्तूंना आध्यात्मिक रूपकांचे स्वरूप दिलेले आहे. कातडे कमावण्याचे काम ढोर व कमावलेल्या कातड्याच्या वस्तू करण्याचे काम चांभार करीत असल्याने पट्ट्यास लागणारे चामडे परिसरातच मिळण्याजोगे होते. बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिनाने कमावलेले येथील चामडे कठीण व घट्ट असते; कोल्हापुरी वहाणांसाठी ते प्रसिद्ध आहे [⟶ चर्मोद्योग]. फिरत्या न्हाव्याला पट्टा टांगण्यास जागा नसे. त्यामुळे आखूड तुकड्यावर किंवा तळहातावरही वस्तरा परजला जाई.

यूरोपीय पोलाद व पट्ट्याचा प्रसार : अठराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन यांनी सु. १७४० मध्ये मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत प्रचारात आणली. या एकजिनसी व कठीण पोलादापासून पातळ आणि टिकाऊ धारेचे वस्तरे करता येऊ लागले. त्यांच्यामुळे न्हाव्यावर न विसंबता स्वतःची दाढी स्वतः करणे मध्यम वर्गातील पुरुषाला शक्य झाले. १७६९ मध्ये पॅरिसमधील झां-झाक पेरे या शस्त्रकाराने स्वतः दाढी करण्याच्या कलेवर फ्रेंच भाषेत एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. धारेचे दगड कसे ओळखावेत आणि वस्तरा परजण्याची चामडी कशी तयार करावीत, यांचे मार्गदर्शन त्यात करण्याचा त्याचा उद्देश पुस्तकाच्या विस्तृत शीर्षकातच नमूद आहे. न्हाव्याच्या हाती असलेले देखभालीचे ज्ञान अशा प्रकारे घरोघरी पोहोचू लागले.

उत्तम पोलादाच्या शोधात भारताचाही संबंध आला. मुंबईत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दक्षिण भारतातील ‘वुट्झ’ या पोलादाचे नमुने १७९४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरील निबंध १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमधील शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यांनी या पोलादाची पाती बनवून त्याच्या धारेची वाखाणणी केली. पुढे स्टोडार्ट व मायकेल फॅराडे यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर संशोधन करून त्याचे निष्कर्ष १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध केले. या प्रयोगांतून निघालेल्या पोलादाचे वस्तरे फॅराडे यांनी आपल्या मित्रांना भेट दिले होते [⟶ पोलाद].

जाहिरात व व्यापार : वस्तरा एकदा घेतला की तो अनेक वर्षे पुरत असे, पट्टा व त्यावर लावावयाची लुकणी यांना मात्र सतत मागणी असे. लंडनमधील जॉर्ज पॅकवुड या व्यापाऱ्याने १७९० नंतरच्या दशकात आपल्या पट्ट्याची व लुकणीची वृत्तपत्रांतून अभूतपूर्व जाहिरात केली. कोडी, संवाद, पद्ये, विनोदी पत्रे असे विविध प्रकार त्याने वापरले आणि १७९६ मध्ये या जाहिरातींचे पुस्तकही काढले. इतिहासकार नील मॅकेंड्रिक यांनी अठराव्या शतकातील ग्राहकसमाजाच्या उदयाचे विवेचन करताना (१९८२) पॅकवुडचे उदाहरण सविस्तर मांडले आहे. आपल्याला धार राखता येत नाही, ही सामान्य ग्राहकाची अडचणच पॅकवुडने विक्रीचे साधन केली.

जॉन जोसेफ मेकी (१८०२–८०) याची हकीकत आणखी बोलकी आहे. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील दुकानात ‘जादूचा पट्टा’ या नावाने विकलेल्या पट्ट्यांवर त्याने मोठी संपत्ती मिळविली. त्या पैशातून १८४१ मध्ये त्याने एसेक्स परगण्यातील टिपट्री येथे जमीन घेतली व खोल निचरा, खतांचा वापर, वाफेची यंत्रे यांचे प्रयोग करून आदर्श शेतीचा पुरस्कर्ता म्हणून कीर्ती मिळविली. तथापि क्रिमियाच्या युद्धानंतर (१८५३–५६) इंग्लंडमध्ये दाढी राखण्याची प्रथा रूढ झाली आणि पट्ट्यांचा खप घटला. त्याच सुमारास बँक-व्यवहारातही त्याला खोट आली व अखेरीस तो विपन्नावस्थेत मरण पावला. केवळ देखभालीच्या साधनावर उभारलेला व्यापार समाजाच्या एका आवडीनिवडीवर किती अवलंबून असतो, हे यावरून दिसून येते.

चामडे व घडण : चांगल्या पट्ट्याची पहिली अट चामड्याची निवड ही होय. जनावराच्या पाठीकडील व पुठ्ठ्याकडील कातडे दाट तंतूंचे व कमी ताणले जाणारे असते. पोटाकडील कातडे सैल असल्याने ते टाकाऊ मानतात. पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापतात, म्हणजे वापरात तो लांबत नाही. गाय, म्हैस व घोडा यांची कातडी विशेष वापरली जातात. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्यातील दाट तंतुमय थरापासून ‘कॉर्डोव्हन’ हे अतिशय गुळगुळीत चामडे मिळते. त्याचे नाव स्पेनमधील कॉर्दोव्हा शहरावरून पडले आहे. शिकागो येथे इझाडोर हॉरवीन यांनी १९०५ मध्ये स्थापिलेल्या कातडी कमावण्याच्या कारखान्याचे प्रारंभीचे प्रमुख उत्पादन वस्तऱ्याच्या पट्ट्यांचे चामडे हेच होते.

पाते फिरविताना चामड्याकडून जो सूक्ष्म अवरोध जाणवतो त्याला ‘ओढ’ म्हणता येईल. कॉर्डोव्हनची ओढ हलकी, तर तेलयुक्त गायीच्या चामड्याची जड असते. ओढ जड असल्यास थोड्या फेऱ्यांत काम होते, पण हात चुकल्यास धार गोल होण्याचा धोका वाढतो. हलकी ओढ पोकळ घासलेल्या पातळ पात्यांना मानवते. म्हणून पट्टा मागणीनुसार तयार करणारा कारागीर प्रथम गिऱ्हाइकाचा वस्तरा व त्याची सवय विचारात घेतो. पट्ट्याची रुंदी पात्याच्या लांबीएवढी, म्हणजे सु. ७·५ सेंमी. असल्यास पाते सरळ रेषेत फिरविता येते. रुंदी कमी असल्यास ते तिरपे सरकवीत न्यावे लागते. ज्यांच्या धारेला किंचित बाक असतो अशा पात्यांना अरुंद पट्टाच सोयीचा पडतो. लांबी ही टांगण्याच्या जागेची उंची व हाताचा आवाका यांवरून ठरते.

कातडे रापीने कापल्यावर त्याचा पृष्ठभाग सपाट करतात, ओलसर असताना काचेच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत रुळाने दाबून तंतू बसवितात व कडा घोटून मेण लावतात. चामड्यामागे लिनन, कॅनव्हास किंवा नमदा यांचा दुसरा पट्टा जोडतात. त्यावर प्रथम वीस-तीस फेऱ्या दिल्याने धारेवरील मळ व आर्द्रता निघून जाते. नंतर चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या देतात. वरच्या टोकाला भोवरकडी बसविल्यास दोन्ही पट्टे सहज उलटविता येतात. खालच्या टोकाला मूठ किंवा कडी असते. शिकाऊ हाताने चामड्याला चिरा पडणे स्वाभाविक असल्याने काही पट्ट्यांत चामडे बदलता येईल अशी स्क्रूची जोडणी ठेवतात. टांगावयाच्या पट्ट्याखेरीज लाकडी फळीवर चिकटविलेले चामडे व लाकडी चौकटीत स्क्रूने ताणता येणारे दुपदरी चामडे असे दोन प्रकारही प्रचलित आहेत. फळीवरील चामड्याला क्रोमियम ऑक्साइड, लोह ऑक्साइड किंवा हिऱ्याची सूक्ष्म पूड लावतात. असा पट्टा मात्र दगडाप्रमाणे पोलाद घासतो. त्यामुळे रोजच्या वापराचा पट्टा पुडीविना कोराच ठेवणे इष्ट असते.

सुरक्षित वस्तरा व पट्ट्याचा ऱ्हास : १८८० मध्ये न्यूयॉर्कमधील कँप्फे बंधूंनी धारेपुढे संरक्षक कड असलेल्या वस्तऱ्याचे एकस्व घेतले. त्यातील पाते जाडच असल्याने तेही परजावे लागे. खरा बदल किंग कँप जिलेट (१८५५–१९३२) यांनी घडविला. पोलादाच्या पातळ पट्टीचे पाते वापरून टाकून द्यावयाचे, ही त्यांची कल्पना होती. विल्यम निकरसन यांनी अशी पट्टी कठीण करण्याची व तिला धार लावण्याची यांत्रिक पद्धत सिद्ध केली. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, अवघे ५१ वस्तरे व १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात मात्र अमेरिकन सैनिकांना सुमारे ३५ लाख वस्तरे पुरविण्यात आले. युद्धावरून परतलेल्या पुरुषांनी ही सवय घरी आणली.

पट्टा लगेच नाहीसा झाला नाही. हेन्री गेस्मन यांच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ वस्तऱ्यात पाते न काढता त्यातूनच चामड्याचा पट्टा ओढून धार राखण्याची सोय होती. टाकाऊ पाते व राखलेले पाते या दोन कल्पनांमधील हा दुवा होय. १९३० मध्ये ही कंपनी व जिलेट कंपनी यांचे विलीनीकरण झाले. त्यानंतर दैनंदिन वापरात टाकाऊ पात्याचाच जय झाला. धारेची जबाबदारी वापरणाऱ्याकडून कारखान्याकडे गेली. त्याबरोबर वेळेची बचत झाली, इजेचे प्रमाण घटले, पण दगड, चामडे व हात यांचे पिढ्यान्‌पिढ्या जमलेले ज्ञान घरातून नाहीसे झाले आणि पोलादी कचऱ्याचा नवा प्रश्न निर्माण झाला.

न्हाव्याच्या दुकानात पट्टा अधिक काळ टिकला. एकच वस्तरा व एकच पट्टा अनेक गिऱ्हाइकांसाठी वापरला जाणे आरोग्याच्या दृष्टीने सदोष होते. कारण सच्छिद्र चामड्याचे निर्जंतुकीकरण करता येत नाही. उकळत्या पाण्याने चामडे आकसते व जंतुनाशकांनी ते कडक होते. भारतात १९८६ मध्ये एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम आढळल्यानंतर रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांविषयी जी जनजागृती झाली, तीत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरण्यावर भर देण्यात आला. आज महाराष्ट्रातील केशकर्तनालयांत दुधारी पात्याचा अर्धा तुकडा बसविलेला वस्तरा सर्रास वापरला जातो. त्याचा आकार जुन्या वस्तऱ्याचा असला, तरी त्याला परजण्याची गरज नसते. सार्वजनिक वापरातून पट्टा गेला तो सकारण गेला, असेच म्हणावे लागेल.

आधुनिक संशोधन व पुनरुज्जीवन : केसापेक्षा सु. ५० पट कठीण असलेले पोलाद केस कापताना बोथट का होते, हे कोडे बरीच वर्षे होते. २०२० मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जानलूका रोशोली, मोहादेसेह ताहेरी-मूसवी व जेम टासान यांनी सायन्स या नियतकालिकात त्यावरील संशोधन प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने केस कापून त्यांनी दाखवून दिले की, धार केवळ झिजून बोथट होत नाही, तर तिचे सूक्ष्म कपचे उडतात. केस पात्याला तिरपा टेकलेला असणे, पोलादाची सूक्ष्मरचना एकसारखी नसणे व केसाची कड नेमक्या दुर्बल जागी येणे, या परिस्थितींचा संयोग झाला म्हणजे असे घडते. या प्रयोगांतील पाती टाकाऊ वस्तऱ्यांची होती. तथापि पट्ट्याची मर्यादा त्यांवरून स्पष्ट होते : वाकलेली कड चामडे सरळ करू शकते, उडालेला कपचा भरून काढण्यास दगडच लागतो. कुशल न्हावी अनुभवाने जे जाणत असे त्याला यामुळे धातुविज्ञानाचा आधार मिळाला आहे.

एकविसाव्या शतकात यूरोप, अमेरिका इ. प्रदेशांत जुन्या वस्तऱ्याचा वैयक्तिक वापर काही प्रमाणात पुन्हा सुरू झाला असून हाताने घडविलेल्या पट्ट्यांनाही मागणी आली आहे. एकाच व्यक्तीचा वस्तरा व एकाच व्यक्तीचा पट्टा असल्याने आरोग्यविषयक आक्षेप येथे लागू पडत नाही. नीट वापरलेला पट्टा अनेक वर्षे टिकतो. त्यावर क्वचित, तेही अत्यल्प तेल चोळावे, तो घडी न घालता टांगून ठेवावा, दमट हवेपासून जपावा व वापरण्यापूर्वी तळहाताने घासून घ्यावा, एवढीच त्याची निगा असते. वस्तरा गंजू नये म्हणून दाढीनंतर तो कोरडा करून मगच पट्ट्यावर न्यावा. पावसाळ्यात दमट हवा असणाऱ्या कोकणासारख्या प्रदेशात चामड्यास बुरशी येण्याचा संभव असल्याने तेथे ही काळजी विशेष घ्यावी लागते.